रोव्हर्स कोण घेणार? ब्लॅकबर्नचे धोतर, एक पोलादवाला आणि पुण्याची अंडी

१/ १९ नोव्हेंबर २०१० रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न या जुन्या गिरणगावाला एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. गावातला फुटबॉल क्लब विकायला काढलेला होता आणि 'रोव्हर्स कोण घेणार?' या विषयावर पाठीराख्यांचे तर्कवितर्क काही वर्षे चालू होते. अमेरिकन गुंतवणूकदार, आखातातला धनाढ्य अशी नावे येत होती आणि विरत होती. अखेरीस उत्तर आले ते पुण्याहून, सिंहगड रस्त्यावरच्या एका कोंबडीपालन उद्योगसमूहाकडून.

२/ आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. क्लब विकला जातो तेव्हा पाठीराखे अंदाज बांधतात, नावे तोलतात, आशा धरतात, घाबरतात. निर्णयात मात्र त्यांना मत नसते. ही असाहाय्यता कोठून आली? ब्लॅकबर्नची निवड करण्याचे कारण एवढेच, की या गावाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध २०१० मध्ये जुळला नाही. तो त्याआधी शतकभर होता आणि फारसा प्रेमाचा नव्हता.

३/ प्रथम कापड. ब्लॅकबर्न हे विणकरांचे शहर. सूत कातण्याचे काम लँकेशायरच्या दक्षिण भागात अधिक, विणकाम उत्तरेकडे. आणि ब्लॅकबर्नच्या मागांवर जे विणले जाई त्यात एक मोठा वाटा होता हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या धोतरांचा. ज्या गावात कोणी धोतर नेसत नव्हते, त्या गावाची चूल धोतरावर पेटत होती. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केले. त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक माल एकट्या हिंदुस्थानात उतरला.

४/ याच गिरण्यांच्या सावलीत फुटबॉल वाढला. ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना ५ नोव्हेंबर १८७५ ची, सेंट लेजर हॉटेलातल्या एका बैठकीतली. संस्थापक जॉन लुइस आणि आर्थर कॉन्स्टन्टाइन हे श्रुसबरीच्या खानदानी शाळेतले माजी विद्यार्थी. म्हणजे आरंभ गिरणी कामगारांनी केला नाही. परंतु हा खेळ कामगारांनी फार लवकर आपलासा केला.

५/ १८८३ चा एफ. ए. कप जिंकला तो गावातल्याच दुसऱ्या क्लबाने, ब्लॅकबर्न ऑलिंपिकने. लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर त्यांनी ओल्ड इटोनियन्स या उमरावपुत्रांच्या संघाला २-१ असे हरवले. विणकर आणि सूतगिरणीत राबणारी माणसे इटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवतात, ही त्या काळी केवळ क्रीडावार्ता नव्हती. त्या संघामागे पैसा होता सिडनी येट्स या लोखंड ओतकामाच्या कारखानदाराचा.

६/ येथे थोडे थांबू, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. तेव्हा खेळाडूला पैसे देणे नियमबाह्य होते, तरीही पैसे दिले जात होते. ग्लासगोचा फर्गस सूटर हा गवंडीकाम करणारा गडी आधी जवळच्या डार्वेन गावच्या संघात आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. डार्वेनकरांनी हा विश्वासघात मानला. त्याला काय मिळाले याची कुजबुज दोन्ही गावांत होती. 'द इंग्लिश गेम' ही मालिका पाहिलेल्यांना हा सूटर ठाऊक असेल. मालिकेने इतिहासाशी बऱ्याच सलगीने वागणूक केली आहे, पण माणूस खरा. १८८४, १८८५ आणि १८८६ असे सलग तीन कप रोव्हर्सने जिंकले, ते सूटरला घेऊन. १८८५ च्या जुलैत व्यावसायिक खेळाला मान्यता देणे भाग पडले.

७/ पगार आला की पगार देणारा आला. ऑलिंपिकचा आश्रयदाता आटला आणि १८८९ मध्ये तो क्लबच बंद पडला. कप जिंकून अवघी सहा वर्षे झाली होती! रोव्हर्स मात्र १८८८ च्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक होते. ते टिकले. 'आपल्यामागे कोण उभा आहे' या प्रश्नावर क्लबाचे जगणे-मरणे अवलंबून असते, हे ब्लॅकबर्नच्या लोकांनी व्यावसायिक फुटबॉलच्या अगदी पहिल्या पिढीतच पाहिले होते.

८/ असे असूनही त्यानंतर जवळजवळ शतकभर 'कोण घेणार?' हा प्रश्न इंग्लंडमध्ये क्वचितच विचारला गेला. कारण घेण्यासारखे काही नव्हते. क्लब मर्यादित कंपन्या झाले खरे, पण फुटबॉल असोसिएशनने लाभांशावर मर्यादा घातली आणि संचालकांना वेतन घेण्यास मनाई केली. गावातला खाटीक, बिअरवाला, गिरणीमालक संचालक मंडळावर बसे तो मानासाठी. आपल्याकडे गावजत्रेच्या पंचकमिटीवर असतात तसे. हा बांध १९८० च्या दशकात फुटला. १९८१ मध्ये संचालकांना वेतनाची मुभा मिळाली. १९८३ मध्ये टॉटनहॅमने वरती एक निराळी कंपनी उभारून शेअर बाजारात प्रवेश केला आणि जुन्या नियमांना वळसा घातला. क्लब ही विकण्याजोगी वस्तू झाली.

९/ दरम्यान कापड संपले होते. त्यात आपला हात होता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पुढाकार तरुण सावरकरांचा, आणि टिळक तेथे बोलले. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींच्या उपस्थितीत त्याहून मोठी होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मालमोटारीखाली बाबू गेनू चिरडला गेला. तो आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, आणि स्वतः गिरणी कामगार.

१०/ त्यानंतर नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले आणि डार्वेनच्या स्प्रिंग व्हेलमध्ये उतरले. होय, सूटरचे तेच डार्वेन. बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते त्या कामगारांना ते भेटले. त्यांचे दुःख त्यांनी ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातले दारिद्र्य याहून कितीतरी खोल आहे, हेही सांगितले. गिरणीतल्या बायांच्या घोळक्यातले त्यांचे ते हसरे छायाचित्र आपण पाहिलेले असते. त्यातल्या कामगार स्त्रिया ब्लॅकबर्नच्या शेजारणी आहेत, हे सहसा लक्षात येत नाही.

११/ न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. लँकेशायर केवळ बहिष्काराने बुडाले नाही. जपानी स्पर्धा, आपल्याकडच्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जागतिक मंदी आणि स्वतःची जुनाट यंत्रे या सर्वांचा तो परिणाम होता. १९६० च्या दशकात उरलेल्या गिरण्यांच्या रात्रपाळ्या चालवायला भरूच-सुरतकडचे गुजराती आणि पाकिस्तानी कामगार आले. त्यांची नातवंडे आज ब्लॅकबर्नकर आहेत. रोव्हर्सही त्याच उतारावर होते: १९६६ मध्ये प्रथम श्रेणीतून खाली घसरले, ते पुढली सव्वीस वर्षे वर आले नाहीत.

१२/ आणि मग आला जॅक वॉकर. ब्लॅकबर्नमध्ये १९२९ साली जन्मलेला. वडिलांचा पत्राकामाचा धंदा भाऊ फ्रेडसह वाढवून त्याने 'वॉकरस्टील' उभी केली आणि ती ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकली. स्वतः तो जर्सी बेटावर राहायला गेला होता, पण जीव ईवुड पार्कात अडकलेला. जानेवारी १९९१ मध्ये त्याने क्लबचा ताबा घेतला.

१३/ पुढचे स्वप्नवत आहे. केनी डॅलग्लिश प्रशिक्षक झाला. १९९२ मध्ये क्लब वरच्या श्रेणीत परतला आणि ॲलन शिअररसाठी ब्रिटिश विक्रमी रक्कम मोजली गेली. मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या गेल्या. १४ मे १९९५ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर रोव्हर्स २-१ ने हरले. त्याच वेळी मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकले. हरूनही रोव्हर्स विजेते ठरले. १९१४ नंतरचे पहिले विजेतेपद, आणि तेही लाख-सव्वालाख वस्तीच्या गावाला.

१४/ प्रतिस्पर्धी म्हणाले, विजेतेपद विकत घेतले. खरेच होते ते. पण त्या गावाला त्याचे काही वाटले नाही, आणि मला त्यात ढोंग दिसत नाही. येट्स असो वा वॉकर, कोणीतरी पैसा ओतल्याखेरीज ब्लॅकबर्न कधीच जिंकलेले नव्हते. फरक एवढाच, की हा ओतणारा घरचा होता.

१५/ वॉकर १७ ऑगस्ट २००० रोजी वारला. क्लब त्याच्या कुटुंबन्यासाकडे गेला. न्यासाने काही वर्षे पैसा पुरवला, मग हात आखडता घेतला आणि पुढे विक्रीसाठी रॉथ्सचाइल्ड या पेढीला नेमले. येथपासून आपला खरा प्रश्न सुरू होतो. पाठीराख्यांसमोर आता मालकाची केवळ निवड नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे मालक कसा असतो याचे एकच चित्र होते. ते प्रत्येक नव्या नावात दुसरा जॅक शोधत होते.

१६/ अंदाज बांधण्याची साधने कोणती? वर्तमानपत्रातल्या 'सूत्रांकडून' आलेल्या ओळी, कोणत्या सामन्याला कोण पाहुणा बसला याची नोंद, कंपनी निबंधकाकडची कागदपत्रे, आणि उरलेली जागा भरायला कल्पनाशक्ती. थोडक्यात, दरबारात काय शिजते आहे याचा माग बाहेरून काढणाऱ्या वकिलांसारखी त्यांची स्थिती होती. फक्त त्या वकिलांना निदान नजराणे देऊन आतली बातमी काढता येई.

१७/ २००७ मध्ये डॅन विल्यम्स हा अमेरिकन व्यावसायिक चर्चेत आला. व्यवहार झाला नाही. २०१० च्या उन्हाळ्यात अहसान अली सय्यद हे नाव पुढे आले: भारतात जन्मलेला, बहारीनमधून कारभार करणारा, संघासाठी प्रचंड रकमा खर्च करण्याची भाषा बोलणारा. बीबीसीने त्याच्या पूर्वेतिहासाविषयी प्रश्न उपस्थित केले आणि बोलणी फिसकटली. जानेवारी २०११ मध्ये त्याने स्पेनचा रासिंग दे सांतांदेर घेतला. काही महिन्यांतच त्या क्लबाला नादारीच्या प्रक्रियेत जावे लागले. ब्लॅकबर्न थोडक्यात वाचले होते.

१८/ सय्यदचे ताजे उदाहरण डोळ्यांसमोर असताना 'वेंकीज' हे नाव आले, तेव्हा ते भक्कम वाटले तर नवल नाही. हा हवेतला धनाढ्य नव्हता. वेंकटेश्वरा हॅचरीजचा पाया १९७१ चा, संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांना भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक मानले जाते. १९८२ ची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती त्यांच्याच पुढाकाराची, म्हणजे दूरदर्शनवरून रोज अंडी खाण्याचा आग्रह धरणारी ती संस्था. रावांच्या मागे कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी कारभार पाहत होते. कारखाने खरे, हिशेब खरे, पैसा खरा.

१९/ किंमत ठरली २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबचे कर्ज. त्या वेळच्या दराने मूळ रक्कम सुमारे १६५ कोटी रुपये. आता हे पाहा: त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सहाराने आयपीएलचा पुणे संघ ३७ कोटी डॉलरना, म्हणजे सुमारे १७०० कोटी रुपयांना घेतला होता. ती रक्कम दहा वर्षांत द्यायची होती, हे मान्य. तरीही तीन वेळा इंग्लंडचा विजेता ठरलेला, सहा एफ. ए. कप जिंकलेला, मैदानासकटचा क्लब हा एकही चेंडू न खेळलेल्या संघाच्या दशांश किमतीत मिळाला. (तो पुणे संघ २०१३ मध्ये संपलाही.)

२०/ स्वस्त का? कारण प्रीमियर लीगच्या छोट्या क्लबात दूरचित्रवाणीचा पैसा येतो आणि खेळाडूंच्या पगारात जातो. श्रेणी टिकली तर हिशेब जेमतेम जुळतो. घसरली तर उत्पन्न कोसळते आणि करार मात्र उरतात. असा व्यवसाय घेणाऱ्याने एक तर तो नीट जाणावा, नाहीतर जाणणाऱ्याला हात लावू नये.

२१/ १३ डिसेंबर २०१०. ताबा घेऊन महिनाही पुरा झालेला नाही, संघ तेराव्या स्थानावर सुरक्षित. नव्या मालकांनी सॅम ॲलरडाइस या मुरब्बी प्रशिक्षकाला काढले आणि स्टीव्ह कीन या मदतनिसाला बसवले, ज्याने तोवर एकही संघ स्वतंत्रपणे सांभाळलेला नव्हता. बेकहॅम, रोनाल्डिन्यो यांची नावे घेतली गेली. कोणी आले नाही. वॉकरच्या काळापासूनचे घर सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स फेब्रुवारीत बाहेर पडले.

२२/ ७ ऑक्टोबर २०११ रोजी रोव्हर्स पुण्यात आले आणि बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळले. जिंकलेही. तिकडे संघ तक्त्याच्या तळाशी होता आणि ऐन हंगामात पुण्याची वारी कशासाठी, असे विचारले जात होते. त्याच हिवाळ्यात रोव्हर्सचे खेळाडू पोशाखखोलीत कोंबडी खातानाची जाहिरात झळकली. ब्लॅकबर्नकरांना ती विनोदी वाटली नाही.

२३/ ७ मे २०१२. ईवुड पार्कवर विगनविरुद्धचा सामना चालू असताना कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. रोव्हर्स १-० ने हरले आणि अकरा वर्षांनी श्रेणीतून घसरले. कोंबडी हे निषेधाचे चिन्ह झाले. पुढल्या हंगामात प्रशिक्षक इतक्या वेगाने बदलले, की हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि त्यानंतरचा मायकेल ॲपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. पुढल्याच वर्षी तो वर आला, पण दुसऱ्या श्रेणीपर्यंतच.

२४/ येथे पुण्यात बसून 'बघा, आपल्या लोकांनी वाट लावली' किंवा उलट 'गोऱ्यांना हिंदी मालक खपला नाही' असे म्हणण्याचा मोह होतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. राव कुटुंबाने क्लबच्या माथ्यावर सावकारी कर्ज चढवून पैसा बाहेर नेला नाही. उलट वर्षानुवर्षे तोटा भरून काढला. आजवरचा आकडा वीस कोटी पौंडांच्या पुढे सांगितला जातो. मँचेस्टर युनायटेडचे २००५ मध्ये जे झाले त्याच्याशी ताडून पाहा. ग्लेझर कुटुंबाने तो क्लब घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच अंगावर टाकला, तरी तेथे चषक येत राहिले.

२५/ ब्लॅकबर्नच्या रागाचे कारण मला पैशात दिसत नाही, मौनात दिसते. मालक ईवुड पार्कवर जवळजवळ दिसेनासे झाले. निर्णय कोण घेतो, का घेतो, कोणाच्या सल्ल्याने घेतो, हे कळेना. वॉकरही निवडून आलेला नव्हता. पण तो सामन्याला येई, भेटे, रस्त्यात अडवता येई. ज्याला अडवता येते त्याच्या सत्तेला लोक बरेच काही माफ करतात. कलकत्त्याहून हुकूम सुटत आणि साताऱ्याला ते पाळावे लागत, त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना हे अपरिचित वाटू नये. येथे दिशा तेवढी उलटी आहे.

२६/ म्हणून 'कोण घेणार?' हा खेळ तेथे पुन्हा सुरू झाला. काहींनी 'रोव्हर्स ट्रस्ट' स्थापून पाठीराख्यांनीच मालकीत शिरावे असा प्रयत्न केला. अलीकडे त्यात कायद्याचीही भर पडली. भारतात चालू असलेल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यास दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याची वेळ आली. त्यामुळे लँकेशायरमधले फुटबॉलप्रेमी दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाहू लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲडम व्हार्टन हा गावातच जन्मलेला गुणी खेळाडू क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, तेव्हाही चर्चा त्याच्या खेळापेक्षा आलेला पैसा कोठे जाणार याचीच अधिक होती.

२७/ ब्रिटनच्या संसदेने २०२५ च्या जुलैत फुटबॉल प्रशासन कायदा संमत केला. त्यानुसार स्वतंत्र नियामक येतो, तो नव्या मालकाची पात्रता तपासतो, आणि पाठीराख्यांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक होते. मत देण्याचा अधिकार मात्र त्यात नाही. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ब्लॅकबर्न रोव्हर्सला १५० वर्षे पूर्ण झाली. हे लिहीत असताना मालकी पुण्यातच आहे.

२८/ ७ ऑक्टोबर २०११ चा बालेवाडीचा सामना प्रत्यक्ष पाहिलेले कोणी वाचक असतील, तर त्या दिवसाचे तिकीट वा छायाचित्र खाली अवश्य जोडा. सध्याच्या ब्लॅकबर्नकरांपैकी काहींना ते पाहायला नक्की आवडेल. काहींना मुळीच नाही.